न झाडलेली वाट

कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावच्या एका गल्लीत धोंडुबाईंना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. लहानथोर सगळे त्यांना आक्का म्हणतात. शहात्तराव्या वर्षीही त्या स्वतःची आंघोळीची बादली स्वतः उचलतात, चहात साखर कमी पडली तर शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं सांगतात, आणि परक्या माणसालाही ‘पावणं, बसा की’ म्हणून पुढच्या सोप्यात बसवून घेतात. त्यांची सून अनुजा कोल्हापुरात वाढलेली, बी.कॉम. झालेली. सत्तावीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढल्यावर सासूच्या बहुतेक गोष्टी तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. एक तेवढी पडली नव्हती. घरातलं माणूस परगावी निघालं, की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत आक्का घरात केर काढू देत नसत.

ही रीत तशी पुष्कळ घरांत असते. माणूस गेल्या गेल्या झाडायचं नाही, तासाभरानं झाडलं तरी चालतं, असं इतर घरांत चालतं. आक्कांच्या घरात सवलत नव्हती. अंगण झाडा, ओटा पुसा, पण केरसुणी उंबऱ्याच्या आत फिरवायची नाही.

“का पण?” लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अनुजानं विचारलं होतं.

“माणूस जातंय, पावलं घरात ऱ्हात्यात. ती पुसली तर त्यानं मागं फिरताना काय धरून यायचं?”

“आक्का, केर काढल्यानं कुणाची गाडी पंक्चर होत नसते.”

“व्हय, न्हाय हुत. माझा जीव हुतो की पंक्चर.”



आक्का आजऱ्याकडच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन इकडं आल्या आणि नवऱ्याबरोबर त्यांच्या वाट्याला आलं ते वाट बघणं. गणपतराव ट्रकवर होते. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका अडत्याचा गूळ भरून ते गुजरातेत राजकोटला न्यायचे आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचे. जाताना तीन दिवस, कधी चार. घरात फोन नव्हता, गल्लीतही नव्हता. फोन होता तो अडत्याच्या पेढीवर. दोन म्हशींचं दूध घालून झालं, की आक्का तशाच रिकाम्या किटल्या घेऊन शाहूपुरी गाठायच्या आणि पेढीच्या पायरीखाली उभ्या राहायच्या. आत दत्तोपंत दिवाणजी बसलेले असत. ते मान वर न करता एकच शब्द बोलत, “पोचली.” म्हणजे गाडी पोचली. गाडीबरोबर माणूसही पोचलं असणार, हे आक्कांनी समजून घ्यायचं. त्या परत येत आणि पदर खोचून घर झाडायला लागत. कधी दत्तोपंत नुसतीच मान हलवीत. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा किटल्या, पुन्हा पायरी. तोवर घरात वैरणीचा भुसा, भाकरीचे तुकडे, लहानग्या मुलानं, राजवर्धननं, पायांनी आणलेली माती, सगळं जिथल्या तिथं. शेजारणी हसायच्या. “धोंडे, घरात ऊस लावतीस काय गं?”

गणपतरावांनाही हे ठाऊक होतं. म्हणून निघताना ते नेहमी एक दिवस वाढवून सांगायचे. तीन दिवस लागणार असले की चार म्हणायचे, म्हणजे बायको एक दिवस उशिरा काळजीला लागेल. आक्कांनी दोन-तीन खेपांतच हे ओळखलं आणि सांगितल्यातला एक दिवस मनातल्या मनात वजा करायला सुरुवात केली. मग काळजी पहिल्यासारखीच वेळेवर लागू लागली. दोघांनीही एकमेकांना कधी काही बोलून दाखवलं नाही. पुढं गणपतरावांनी ट्रक सोडला, म्हशींच्या दुधावर आणि थोड्या रानावर संसार केला, आणि पिकल्या वयात घरच्या अंथरुणावर गेले. रस्त्यानं त्यांचं काही वाकडं केलं नाही. त्याचं श्रेय आक्का केरसुणीला देत नाहीत, पण नाकारतही नाहीत.

राजवर्धनचं शाहूपुरीत पशुखाद्याचं दुकान आहे, तेव्हा इतकी वर्षं या घरात लांबचा प्रवास म्हणजे पुणे, फार तर मुंबई. मोबाइल आल्यावर तर निरोप दर टोलनाक्यावरून यायला लागला. आक्कांची रीत राहिली होती, पण तिला धार नव्हती. मग नात निघाली न्यूझीलंडला.

अदिती पंचवीस वर्षांची. दुग्धतंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलं, दोन वर्षं इथं नोकरी केली, आणि तिकडच्या एका संशोधन संस्थेत तिला काम मिळालं. हजर व्हायची तारीख आली ती नेमकी गणपतीत. त्यातही निघायचा दिवस आला गौरी यायच्या आदल्या दिवशी.

त्या महिन्यात अनुजाला एक खोड लागली होती. फोनवर एक संकेतस्थळ होतं. त्यात दोन विमानतळांची नावं घातली, की मधलं अंतर किलोमीटरात येतं, उडायला लागणारा वेळ येतो, आणि नकाशावर एक रेघ उमटते. मुंबई आणि ऑकलंड. सव्वाबारा हजारांच्या पुढं. विमान कुठं न थांबता गेलं तर साधारण साडेपंधरा तास, पण तसं विमान नव्हतंच. मध्ये सिंगापूरला बदलायचं होतं. अनुजा दिवसातून तीनदा-चारदा तीच दोन नावं घालायची. आकडा कमी होईल अशी तिची अपेक्षा होती असं नाही. पण हिशेब जुळत नसला की माणूस बेरीज परत करतं, तसं ते होत होतं. रेघेचा शेवटचा भाग नुसता निळा होता, त्या भागावर ती बोट ठेवायची नाही.

“किती लांब म्हणायचं?” आक्कांनी विचारलं होतं.

“बारा हजार किलोमीटर. थोडं जास्तच.”

“राजकोटाच्या मानानं सांग.”

अनुजानं हिशेब केला. “अकरा-बारा राजकोटं. एकामागं एक.”

आक्कांनी बोटांवर मोजून बघितलं. “आणि ही म्हणती सतरा तासांत पोचती.”

“मुंबईतनं उडाल्यापासून सतरा, आक्का. विमान आहे ते, ट्रक नाही,” अदिती बॅगेवर बसून चेन ओढत म्हणाली.

सासूसुनेनं एकमेकींकडं बघितलं. आजोबा एक दिवस वाढवून सांगत, नात काही तास उतरवून सांगते, असं दोघींनाही एकदमच वाटलं.  अनुजानं त्या रात्री तिकिटावरची पोचायची वेळ घेतली, दहा पन्नास, रात्रीचे. तिथल्या आणि इथल्या घड्याळात साडेसहा तासांचा फरक. तो तिनं त्यात मिळवला. पहाटेचे पाच वीस आले, गौरी आल्याच्या दुसऱ्या दिवशीचे. म्हणजे मुंबईतून रात्री साडेअकराच्या सुमाराला उडाल्यापासून जवळजवळ तीस तास. हे तिला खरं वाटलं. बारा राजकोटांना शोभेल असा वेळ.

निघायच्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईचं विमान उडालं. अदितीबरोबर राजवर्धनही गेला. मुंबईत त्याचं दुकानाचं काम होतं, ते उरकून तो गौरीजेवणाला परतणार होता. उचगावात विमानाचं कुणाला कौतुक राहिलेलं नाही, पण त्या दिवशी आक्का अंगणात उभ्या राहिल्या आणि विमान दिसेनासं होईपर्यंत हात कपाळावरून काढला नाही. आत येऊन त्यांनी केरसुणी उचलली आणि दाराआड उलटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर अनुजाला संदेश दिसला. ‘सिंगापूरला उतरले. आता पुढचं पोचल्यावर सांगते.’ पुढचं विमान कधी, हे त्यात नव्हतं. अनुजाच्या हिशेबानं पोरगी आता तिथल्या बाकड्यावर दिवसभर बसणार होती.

“पोचली?” आक्कांनी चुलीकडूनच विचारलं.

“मधल्या ठिकाणी. पुढचं उद्या पहाटे पाचला.”

आक्कांचा हात थांबला. त्या दिवशी गौर यायची होती. तिन्हीसांजेच्या आत तिला घरात घ्यायची, उंबऱ्यापासून देवापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढायची, त्यावर हळदीकुंकू. आणि न झाडलेल्या फरशीवर गौरीची पावलं काढणं हे आक्कांच्या लेखी देवीला उष्ट्या पानावर जेवायला बसवण्यासारखं होतं. एकीची पावलं पुसायची नाहीत, दुसरीची काढल्याशिवाय चालणार नाही. एकोणसाठ वर्षांच्या संसारात हे दोन्ही एकाच दिवशी कधी आलं नव्हतं. गणपतराव गणपतीत गाडी काढत नसत.

अनुजाला वाटलं, चला, हे एक सोपं आहे. आपण झाडून टाकू. ही रीत आपली थोडीच आहे? तिनं दाराआडची केरसुणी घेतली आणि मुद्दाम अदितीच्या खोलीपासून सुरुवात करायला गेली.

खोलीत बॅगेच्या कुलपाची रिकामी पुडी पडली होती. केसांचं रबर. पलंगाखाली पावडर सांडलेली आणि त्या पावडरीत एका अनवाणी पायाची पुढची बोटं उमटलेली. घाईत चप्पल शोधताना उमटली असतील. अनुजा केरसुणी घेऊन उभी राहिली. पोरगी आता सिंगापूरच्या बाकड्यावर बसली असेल. आपण हे पुसलं आणि तिकडं काही... काही म्हणजे काय, ते तिनं स्वतःलाही शब्दांत सांगितलं नाही. ती तशीच मागं फिरली.

आक्का मधल्या खोलीत शेपू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या हातातल्या स्वच्छ केरसुणीकडं बघितलं.

“काय गं? पंक्चर झालं व्हय?”

अनुजा खाली बसली.  “आक्का, तुम्हीच सांगा काय करायचं. मला नाही झाडवत.”

“मला तरी कुठं कळतंय?” आक्का म्हणाल्या. “मी एका माणसाची वाट बघितली ती रस्त्यावरची. रस्त्याला धाबा असतोय, झाड असतंय, दुसरा ट्रकवाला असतोय. वर आभाळात कोण हाय तिला?”

अनुजानं राजवर्धनला फोन लावला. तो म्हणाला, “अगं, ती सतरा तास म्हणाली न्हवं? संध्याकाळी पोचंल की.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“मला न्हायच कळत. बी.कॉम. तू.” आणि त्यानं हसत फोन ठेवला.

आक्कांनी शेपूची जुडी निवडून संपवली. मग उठल्या, गुडघ्यावर हात देत अदितीच्या खोलीच्या दाराशी गेल्या, तिथून सरळ सोप्याकडं बघितलं.

“ती कशी गेली? हितनं निघाली, देवापुढं आली, नमस्कार केला, आणि सोप्यातनं भाईर. व्हय न्हवं?”

“हो.”

“मग तेवढी वाट सोड. बाकीचं झाड.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? एक पाऊल रुंद सोडायची. खोलीपास्नं देवापतोर, देवापास्नं उंबऱ्यापतोर. बाजूनं झाडून घे. गौरीला दुसऱ्या अंगानं घ्यायची. जाणारीची वाट एक, येणारीची एक. दार काय लहान हाय आपलं?”

अनुजानं केरसुणी फिरवली. इतकं काळजीपूर्वक तिनं आयुष्यात कधी झाडलं नव्हतं. घर स्वच्छ होत गेलं तशी मधली पट्टी जास्तच मळकी दिसायला लागली. धुळीची, कागदाच्या कपट्यांची, खोलीच्या तोंडाशी पांढरट, अशी ती पट्टी देवापाशी वळून दाराबाहेर गेली. मग ओणवी होऊन तिनं तिच्या शेजारी पिठाची पावलं काढली, बाहेरून आत येणारी.

दुपारी ती गल्लीतल्या बायकांबरोबर विहिरीवर गेली. दरवर्षी गौर आणायची ती अदिती. या वर्षी गौर म्हणून तेरड्याची डहाळी हातात घेताना अनुजाला ती जड लागली. परतली तेव्हा आक्कांनी उंबऱ्यात तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग गौर घरभर फिरवायची आणि प्रत्येक खोलीच्या दारात घरच्या म्हातारीनं विचारायचं, काय घेऊन आलीस? स्वयंपाकघरात अनुजा म्हणाली, धनधान्य. गोठ्याकडच्या दारात म्हणाली, दूधदुभतं. अदितीच्या खोलीच्या दाराशी आक्का पट्टीच्या अलीकडं उभ्या राहिल्या. गेल्या साली इथं अदिती म्हणाली होती, ‘वायफाय आणलंय आक्का, फुल रेंज,’ आणि सगळ्या हसल्या होत्या.

“काय घेऊन आलीस?”

अनुजा गौर धरून दारातच उभी राहिली. मागून शेजारच्या हंबीररावांच्या काकी म्हणाल्या, “सांग की गं, भाकरी थंड हुत्यात.”

“निरोप,” अनुजा म्हणाली.

“ये मग आत,” आक्का म्हणाल्या.

गौर बसली. बायका मधल्या खोलीत टेकल्या, तेव्हा कुठं काकींचं लक्ष फरशीकडं गेलं. त्या दोन्ही बाजूंनी मान वाकडी करून बघत राहिल्या.

“आक्का, हे घर झाडलंय का भांग पाडलाय?”

“तुझ्या डोक्यापेक्षा सरळ पडलाय न्हवं?”

“पर सोडलंय कशाला?”

“हितनं आमची पोरगी गेलीया. अजून पोचली न्हाय.”

काकींनी पसरलेला पाय हळूच पट्टीवरून मागं घेतला. ते बघून बाकीच्यांनीही पाय आवरले.

साडेचारच्या पुढं अनुजाचा फोन वाजला. पडद्यावर अदितीचं नाव.  ही वेळ नव्हती. पहाटेला अजून अर्धा दिवस होता. अर्ध्या वाटेत फोन येतो तो कशासाठी? विमान कुठं उतरवलं? का तिला विमानात घेतलंच नाही? फोन वाजत राहिला आणि ती त्याच्याकडं बघत राहिली.

“घे की,” आक्का म्हणाल्या. त्यांचाही आवाज नेहमीएवढा मोठा नव्हता.

“आई, पोचले.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? ऑकलंडला. आत्ता बॅग घेतली, अकरा वाजून गेलेत इथं.”

“खोटं बोलू नकोस. काय झालंय ते सांग. मी घाबरणार नाही.”

“आई, काय होणार? पोचले म्हणते ना. थंडी आहे. भूक लागलीय. एका कुत्र्यानं माझी बॅग हुंगली आणि सोडून दिली.”

“अगं पण तू पहाटे पाच वीसला पोचणार होतीस.”

 मग अदितीनं हळूच विचारलं, “आई, साडेसहा तास मिळवलेस की वजा केलेस?”

“मिळवले.”

“वजा करायचे गं. सूर्य इथं आधी उगवतो. सतरा तास सांगितले होते की तुला.”

अनुजा रडू लागली की हसू लागली ते तिलाच सांगता आलं नसतं. आक्कांनी तिच्या हातातून फोन घेतला, तोंडासमोर धरला आणि बारा हजार किलोमीटर ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, “पोचलीस न्हवं? जेव मग,” आणि परत देऊन टाकला.

बायका उठल्या, घरोघरी गौरी बसवायच्या होत्या. काकी जाताना म्हणाल्या, “बी.कॉम.ला वजाबाकी नसती वाटतं,” आणि अनुजानंही मान डोलवली. घरात दोघीच उरल्या.

“पोरीनं खरं सांगितलं हुतं,” आक्का म्हणाल्या. “एक तास इकडं न्हाय का तिकडं न्हाय. आपणच धरलं न्हाय खरं.”

“मला वाटलं, आपल्याला बरं वाटावं म्हणून कमी सांगते.”

“मलाबी तसंच वाटलं. जन्मभर वजा करायची सवय. आता हिचं आपलं सांगंल तेच धरायचं.” त्यांनी पट्टीकडं बोट केलं. “ऊठ. दिवा लावायच्या आधी झाड. तिन्हीसांजेला झाडत न्हाईत.”

“राहू दे आक्का, उद्या झाडते.”

“उद्या कशाला? पोचली न्हवं? पोचल्याव घर झाडायचं असतंय.”

अनुजानं केरसुणी घेतली. या वेळी ती खोलीत थांबली नाही. पावडर, रबर, कुलपाची पुडी, सगळं पुढं ढकलत ती देवापाशी आली. तिथं वळली. शेजारची गौरीची पावलं विस्कटू नयेत म्हणून तिला केरसुणी आडवी धरावी लागत होती. आक्का सोप्यात बसून बघत होत्या.

“तिकडनं याय किती तास लागत्यात?” त्यांनी विचारलं.

“तेवढेच. सतरा-अठरा तास.”

“आपल्या घड्याळानं का त्यांच्या?”

अनुजानं या वेळी घाई केली नाही. केरसुणीवर हात ठेवून ती उभी राहिली, एकदा मनाशी बरोबर मोजून घेतलं.

“कुठल्याही घड्याळानं तेवढेच, आक्का.”

आक्कांनी मान हलवली. कधी येणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि अनुजानंही सांगितलं नाही. तिनं उंबऱ्यापाशी केर गोळा केला, सुपलीत भरला आणि बाहेर टाकून आली. मग दोघींनी मिळून दिवा लावला आणि गौरीपुढं भाजी-भाकरीचं ताट ठेवलं.